जिओकॅशिंगसाठी दुसरा हँडहेल्ड जीपीएस: जोडीने निवडताना काय बघायचं आणि कोणत्या क्रमाने

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवून ठेवलेला डबा, म्हणजे कॅश, दिलेल्या कोऑर्डिनेट्सवरून (अक्षांश-रेखांशावरून) शोधून काढायचा खेळ. हातात धरायच्या एकाच जीपीएस यंत्रावर, म्हणजे हँडहेल्डवर, दोघं कॅशिंग करायला लागले की एक जण स्क्रीनवरचा दिशेचा बाण बघतो आणि दुसरा त्याची पाठ बघत चालतो. मग दुसरं यंत्र घ्यायचं ठरतं, आणि गडबड नेमकी इथून सुरू होते. आधी मॉडेल पसंत पडतं, मग खरेदी होते, आणि ते घरातल्या यंत्राशी जुळतं का हा प्रश्न पहिल्या कॅशजवळ उभं राहिल्यावर सुचतो. नवीन यंत्र हौशी जोडीदार स्वतःकडे ठेवतो, जुनं दुसऱ्याच्या गळ्यात पडतं, कॅशची फाइल नव्यातच भरली जाते. दोन यंत्रं हातात असूनही एक जण पुन्हा मागेच.

खालचा क्रम मोडू नका. विशेषतः पहिले तीन टप्पे पुरे झाल्याशिवाय किमती बघायला बसू नका.

## टप्पा १: दुसरं यंत्र कशासाठी हवंय ते ठरवा

दोघांनी बसून एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: एका यंत्रावर नेमकं कुठे अडतं? उत्तरं साधारण चार प्रकारची येतात आणि प्रत्येकाची खरेदी वेगळी असते.

एकाला कंटाळा येत असेल, त्यालाही स्वतः वाट काढायची असेल, तर दुसरं यंत्र पहिल्याच्या तोडीचंच हवं. कॅशच्या जागी पोचल्यावर दुसरं मत हवं असेल, तर सिग्नल पकडण्यात ते पहिल्यापेक्षा कमी नको. बाकी सोयी कमी असल्या तरी चालेल. पहिलं बंद पडलं तर परतीची वाट दाखवायला काहीतरी हवं, एवढीच गरज असेल तर बटणांचं, साधे सेल घालता येणारं, स्वस्तातलं यंत्र पुरे. आणि मल्टी-कॅशचे (एकाहून जास्त जागा शोधत डब्यापर्यंत नेणाऱ्या कॅशचे) टप्पे वाटून घेऊन दोघांना वेगळ्या दिशांना जायचं असेल, तर कॅशचं वर्णन, हिंट (जागेची सूचना), जुने लॉग (आधीच्या शोधणाऱ्यांच्या नोंदी) सगळं दोन्हीकडे दिसलं पाहिजे.

बहुतेक जोड्यांचं खरं उत्तर पहिलं असतं आणि खरेदी मात्र तिसऱ्याची होते. «असू दे एक जादाचं» म्हणून घेतलेलं यंत्र पिशवीतून बाहेरच येत नाही.

आणखी एक गोष्ट याच बैठकीत मिटवा: नवीन यंत्र कोण वापरणार? ज्याला कमी सवय आहे त्याच्या हातात चांगलं यंत्र द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. सरावलेला माणूस जुन्या यंत्रावरही निभावून नेतो.

तपासून घ्या: उत्तर एका वाक्यात लिहिता येतंय का? येत नसेल तर खरेदीची वेळ अजून आलेली नाही.

## टप्पा २: घरातल्या यंत्राची झडती घ्या

दुसऱ्याची निवड पहिल्यावर अवलंबून आहे, म्हणून पहिल्याची पूर्ण माहिती कागदावर हवी. मॉडेलचं पूर्ण नाव लिहा, शेवटच्या अक्षरासकट. गार्मिन कंपनीची ईट्रेक्स २० आणि ईट्रेक्स ३० दिसायला जुळी भावंडं, पण ३० मध्ये इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आहे, २० मध्ये नाही. तोच फरक पुढे २२एक्स आणि ३२एक्समध्ये आहे.

मग हे लिहून काढा: सेल कोणते लागतात, चार्जिंग आणि डेटासाठी पोर्ट कोणतं, मेमरी कार्डाची खाच आहे का (ईट्रेक्स १० ला नाही), कोणत्या फाइल्स चालतात, एका वेळी किती कॅश मावतात, होकायंत्र आहे का, नकाशे कुठले आहेत. फर्मवेअर, म्हणजे यंत्रातलं सॉफ्टवेअर, जुनं असेल तर आत्ताच अपडेट करा. पुष्कळदा ज्या त्रासापायी दुसरं यंत्र घ्यायचं ठरलेलं असतं, तो त्रास तिथेच संपतो.

जुन्या यंत्राला निवृत्त करायची वेळ आली आहे का, तेही इथेच कळतं. अगदी पहिल्या पिढीच्या पिवळ्या ईट्रेक्समध्ये वेपॉइंटच्या, म्हणजे साठवलेल्या जागेच्या, नावाला सहाच अक्षरं मिळतात आणि वेपॉइंट ५०० पर्यंतच मावतात. आजचे कॅश-कोड (वेबसाइटवर प्रत्येक कॅशला दिलेली खूण) सुरुवातीचं जीसी धरून सात अक्षरांचे असतात, म्हणजे जीसी गाळून भरावे लागतात. वर्णन आणि हिंट तर नाहीतच. असं यंत्र जोडीत ठेवलं तर प्रत्येक सहलीआधी दोनदा तयारी करावी लागेल. त्यापेक्षा ते आठवण म्हणून कपाटात ठेवा आणि एकसारखी दोन यंत्रं घेण्याचा विचार करा.

## टप्पा ३: काय जुळलंच पाहिजे त्याची यादी

सेल. दोन्ही यंत्रं एए सेलवर चालणारी असतील तर एक चार्जर, सेलचा एक डबा, आणि एकाचे संपले तर दुसऱ्याच्या पिशवीतून उसने. एक एए सेलचं आणि दुसरं आत बसवलेल्या लिथियम बॅटरीचं असेल तर हा व्यवहार संपला. दोन्हीची सोय वेगळी करावी लागते. कंपनीच्या आकड्यानुसार ईट्रेक्स ३२एक्स दोन एए सेलवर २५ तास चालतं, गार्मिनचंच जीपीएसमॅप ६५एस १६ तास, आणि आत बॅटरी असलेलं जीपीएसमॅप ६७ तब्बल १८० तास. शेवटचा आकडा मोहात पाडणारा आहे खरा. पण दिवसभराच्या सहलीसाठी १६ तासही पुष्कळ झाले.

केबल. ईट्रेक्सच्या २२एक्स, ३२एक्स या मॉडेल्सना मिनी यूएसबी लागते, जीपीएसमॅप ६६ ला मायक्रो, ६७ ला सी टाइप. मिश्र जोडी घेतलीत तर दोन्ही केबल एकाच थैलीत ठेवायची सवय लावा.

फाइल. एलओसी फाइलमध्ये कॅशचं नाव आणि कोऑर्डिनेट्स यापलीकडे फारसं काही नसतं. जीपीएक्समध्ये वर्णन, हिंट, डिफिकल्टी-टेरेनचे (शोधणं आणि वाट किती अवघड याचे) आकडे आणि अलीकडचे लॉग असतात. दोन्ही यंत्रं जीपीएक्स पूर्ण वाचणारी हवीत, ही अट मी कधीच सैल करणार नाही. नंतरच्या काही मॉडेल्सना जीजीझेड ही आटोपशीर फाइलही चालते आणि तिच्यात प्रचंड कॅश मावतात. पण एकच यंत्र ती वाचत असेल तर तयारी जीपीएक्समध्येच करा.

नकाशे. विकत घेऊन डाउनलोड केलेला नकाशा बहुधा एकाच यंत्राशी बांधलेला असतो. तो दुसऱ्यात कॉपी केला तरी उघडत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेले मोफत नकाशे दोन्हीकडे घातले की दोघं एकच वाट, एकच ओढा बघत बोलतात.

यंत्रातून यंत्रात पाठवणं. गार्मिनच्या बऱ्याच हँडहेल्ड्समध्ये वेपॉइंट आणि कॅश बिनतारी पाठवायची सोय असते, पण एकाच मालिकेतल्या स्वस्त मॉडेलमधून ती नेमकी गाळलेली सापडते. ही सोय दोन्हीकडे असेल तरच कामाची.

इशारा: या यादीतल्या दोनपेक्षा जास्त गोष्टी जुळत नसतील तर ते मॉडेल कितीही चांगलं असलं तरी तुमच्या जोडीसाठी चुकीचं आहे.

## टप्पा ४: पैसे कशावर घालायचे

होकायंत्रावर जरूर घाला. ज्या यंत्रात ते नसतं, ते दिशा तुमच्या चालण्यावरून काढतं. तुम्ही उभे राहिलात की त्याला दिशा कळत नाही. बाण गोठतो किंवा भलतीकडे फिरतो. कॅशजवळ माणूस नेमका थांबून थांबून चालतो, त्यामुळे तिथेच हे यंत्र गोंधळ घालतं. त्यातही तीन अक्षांचं होकायंत्र बघा, कारण दोन अक्षांचं असेल तर यंत्र पूर्ण आडवं धरावं लागतं आणि चढणीवर ते जमत नाही.

दुसरा खर्च सिग्नलवर. खडकाच्या भिंतीजवळ, उंच इमारतींमध्ये किंवा ओल्या दाट झाडीत उपग्रहाचा सिग्नल कुठेतरी आपटून उशिरा पोचतो. यंत्राला वाटतं की उपग्रह आहे त्यापेक्षा दूर आहे, आणि तुमची जागा सरकते. जीपीएसमॅप ६५एस, ६७ यांसारखी मल्टी-बँड यंत्रं एल१ या नेहमीच्या लहरींच्या पट्ट्यासोबत एल५ हा दुसरा पट्टाही ऐकतात आणि अशा जागी जास्त स्थिर राहतात. तुमचं फिरणं दऱ्याखोऱ्यांत किंवा गजबजलेल्या शहरात असेल तर हा पैसा वसूल होतो. मोकळ्या माळावर फरक जाणवणारही नाही.

इथे एक भ्रम दूर केलेला बरा. यंत्र कितीही अचूक असो, कॅश लपवणाऱ्याने जे कोऑर्डिनेट्स दिले तेही कुठल्यातरी यंत्रावरच घेतलेले असतात. त्याची चूक चार-पाच मीटर, तुमची चार-पाच मीटर, आणि दोन्ही विरुद्ध दिशांना गेल्या तर डबा तुम्हाला नऊ-दहा मीटरवर सापडेल. महागड्या यंत्राने यातली फक्त तुमच्या वाट्याची चूक कमी होते.

बॅरोमीटर, कॅमेरा, उपग्रहावरून संदेश पाठवायची सोय यांचा कॅश शोधण्याशी काही संबंध नाही. संदेशाच्या सोयीला वर्गणीही भरावी लागते. रेंज नसलेल्या डोंगरात जाणार असाल तर ती जरूर घ्या, पण सुरक्षेचा खर्च म्हणून. कॅशिंगच्या हिशेबात ती धरू नका.

टचस्क्रीन की बटणं, हे वापरणाऱ्याच्या हाताने ठरू दे. पावसाचे थेंब टचस्क्रीनला बोट वाटू शकतात आणि हातमोजे घातले की पंचाईत होते. उलट, ईट्रेक्सच्या छोट्या जॉयस्टिकने एक-एक अक्षर टाइप करणं हा संयमाचा कस आहे. स्क्रीनचंही तसंच: ईट्रेक्सची २.२ इंच, जीपीएसमॅप ६५ ची २.६, ६६ आणि ६७ ची ३ इंच. जवळचा चष्मा असणाऱ्याने चष्मा न लावता हिंट वाचून बघावी, तीही उन्हात.

फोन असताना दुसरं हँडहेल्ड कशाला, असं हटकून विचारलं जातं. फोनवर कॅशची ताजी माहिती मिळते, लॉग लिहिणं सोपं जातं आणि आजचे चांगले फोन जागाही ठीक दाखवतात. पण दिवसभर स्क्रीन चालू ठेवून तो बाण म्हणून वापरला की संध्याकाळी फोन करायला चार्ज उरत नाही. फोन तिसरं यंत्र म्हणून खिशात असू दे.

## टप्पा ५: वापरलेलं घेत असाल तर हातात घेऊन काय बघायचं

सेलचा कप्पा उघडा. स्प्रिंगवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर आत सेल गळलेले आहेत. कडेची रबरी पट्टी सुटलेली आहे का, यूएसबीचं झाकण घट्ट बसतं का ते बघा. यातलं एक जरी गेलं तरी पाणी आत जातं, मग यंत्रावर आयपीएक्स७ (पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) छापलेलं असलं तरी उपयोग नाही. प्रत्येक बटण दाबा. जॉयस्टिक चारही दिशांना आणि खाली दाबून बघा. स्वतःची केबल न्या आणि संगणकावर ड्राइव्ह म्हणून दिसतं का ते तिथेच तपासा.

मग मोकळ्या आकाशाखाली चालू करा आणि थांबा. महिनोन्महिने बंद असलेल्या यंत्राला सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक उपग्रहांकडूनच घ्यावं लागतं आणि ते पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. दोन मिनिटांत जागा सापडली नाही म्हणून चांगलं यंत्र नाकारू नका. पंधरा मिनिटांनंतरही जागा नाचत असेल तर मात्र परत द्या.

जागा सापडली की तारीख बघा. जीपीएसमधला आठवड्यांचा आकडा १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो आणि असं शेवटचं ७ एप्रिल २०१९ ला झालं. ज्या जुन्या यंत्रांना हे सांभाळता येत नाही ती १९-२० वर्षं मागची तारीख दाखवतात. जागा बहुधा बरोबर येते, पण सापडलेल्या कॅशच्या नोंदी भलत्या तारखेच्या होतात.

तपासून घ्या: आधीच्या मालकाचे वेपॉइंट, ट्रॅक आणि घराची जागा पुसून, पूर्ण रीसेट करूनच यंत्र वापरायला काढा.

## टप्पा ६: दोन्हीची सेटिंग्ज एकत्र बसून लावा

दोन यंत्रं टेबलावर शेजारी ठेवा आणि एकेक सेटिंग दोन्हीवर लावत चला. एकाने आपलं आज केलं, दुसऱ्याने उद्या, असं नको.

सर्वांत आधी कोऑर्डिनेट्सची पद्धत: अंश आणि दशांश मिनिटं, तीन दशांश स्थळांपर्यंत. कॅशची पानं हीच पद्धत वापरतात. इथली चूक किती महागात पडते बघा. ३०.५०० मिनिटं म्हणजे ३० मिनिटं ३० सेकंद. ज्या यंत्रावर अंश-मिनिटं-सेकंद लावलेलं आहे त्यात कोणी ते ३० मिनिटं ५० सेकंद असं भरलं, तर वीस सेकंदांचा फरक पडला. अक्षांशात तो सहाशे मीटरहून जास्त होतो. दोघं दोन वेगळ्या टेकड्यांवर!

डेटम (कोऑर्डिनेट्स मोजायचा आधार) डब्ल्यूजीएस ८४. उत्तर दिशा दोन्हीकडे एकच, खरी किंवा चुंबकीय. दिशा आणि अंतर देऊन पुढचा टप्पा काढायला लावणाऱ्या कॅशमध्ये हा फरक फार नडतो. अंतर मीटरमध्ये. मार्ग काढायची पद्धत «थेट» किंवा ऑफ रोड. ती गाडीची राहिली असेल तर एक यंत्र रस्त्याने वळसा घालून १.४ किलोमीटर म्हणतं, दुसरं सरळ ३५० मीटर, आणि दोघं आपापल्या यंत्राची बाजू घेत राहतात. रस्त्याला चिकटवणारी सेटिंग, लॉक ऑन रोड, बंद करा.

सेलचा प्रकार भरायला विसरू नका. रिचार्जेबल एनआयएमएच सेल १.२ व्होल्टचे असतात, अल्कलाइन १.५ चे. प्रकार चुकीचा भरला की भरलेले सेलही अर्धे दिसतात.

तपासून घ्या: एकच कोऑर्डिनेट दोन्ही यंत्रांत हाताने भरा. अंतर आणि दिशा जवळपास सारखी आली पाहिजे. फरक शंभर मीटरच्या घरात असेल तर यंत्र बिघडलेलं नाही, सेटिंग चुकलंय.

## टप्पा ७: फाइल एक, यंत्रं दोन

कॅशची फाइल एकानेच बनवायची, आणि तीच दोन्हीत घालायची. वेबसाइटवरून एकेक कॅश थेट एकाच यंत्रात पाठवायची सवय सोडा. दुसऱ्यात काय आहे आणि काय नाही याचा पत्ता राहत नाही. पॉकेट क्वेरीत (वेबसाइटवरून एकदम काढायच्या कॅशच्या यादीत) एका वेळी १,००० पर्यंत कॅश मिळतात आणि प्रत्येकाचे शेवटचे पाच लॉग येतात. ते लॉग वाचून निघा. ओळीने तीन-चार जणांना सापडलेलं नसेल तर तुम्हालाही बहुधा सापडणार नाही.

क्रम असा: जुनी फाइल दोन्ही यंत्रांतून पुसा, नवी दोन्हीच्या जीपीएक्स फोल्डरमध्ये टाका, संगणकावरून «इजेक्ट» करूनच केबल काढा, मग दोन्हीकडे कॅशची संख्या जुळते का ते बघा. इजेक्ट न करता केबल ओढली की फाइल अर्धवट राहते, आणि ते कळतं घरापासून लांब.

वेबसाइटवर दोघांची खाती वेगळी असतील तर कोड्याच्या कॅशकडे विशेष लक्ष द्या. कोडं सोडवून दुरुस्त केलेले कोऑर्डिनेट्स ज्याने भरले त्याच्याच खात्यात राहतात. दुसऱ्याच्या खात्यातून काढलेली फाइल त्याला पानावर छापलेल्या फसव्या जागी घेऊन जाईल. म्हणूनच फाइल एकाच खात्यातून काढायची.

इशारा: बिनतारी सोय नसताना मल्टी-कॅशचा पुढचा टप्पा दुसऱ्याला तोंडी सांगायचा असेल तर एकेक आकडा सुटा वाचा. ऐकणाऱ्याने भरून झाल्यावर स्क्रीनवरून उलट वाचून दाखवायचं. नंतर दोघांनी उरलेलं अंतर ताडून बघायचं. दशांशातला शेवटचा आकडा एका अंकाने चुकला तर उत्तर-दक्षिण १.८५ मीटरच जातात, पण मधला चुकला तर १८ मीटर.

## टप्पा ८: कॅशला जायच्या आधी एकदा कोरडी तालीम

मोकळी जागा बघा. दोन्ही यंत्रं चालू करून पंधरा मिनिटं एकमेकांपासून हातभर अंतरावर ठेवा, चिकटवून नको. मग एकाच खुणेवर आळीपाळीने ठेवून वेपॉइंट अॅव्हरेजिंगने (अनेक मोजण्यांची सरासरी काढून) जागा नोंदवा. दुसऱ्या दिवशी त्याच खुणेवर पुन्हा या आणि दोन्ही किती मीटर दाखवतात ते बघा. तीन ते पाच मीटर म्हणजे उत्तम. एक यंत्र रोज एकाच बाजूला दहा मीटर दाखवत असेल तर सेटिंग्ज पुन्हा तपासा.

होकायंत्र दोन्हीकडे इथेच कॅलिब्रेट करा, आणि पुढे दर वेळी सेल बदलल्यावर. गाडीजवळ, लोखंडी कठड्याजवळ किंवा चुंबकाचं कव्हर असलेला फोन खिशात ठेवून केलेलं कॅलिब्रेशन बाद धरा.

## टप्पा ९: कॅशजवळ दोघांनी कसं पोचायचं

तीसेक मीटर उरले की वेगळे व्हा. एकाने आलात तसंच पुढे जायचं, दुसऱ्याने वळसा घालून साधारण काटकोनातून यायचं. दोघं एकाच वाटेने आलात तर दोन्ही यंत्रं एकाच झाडाखाली, एकाच खडकाशेजारी सारखीच चुकू शकतात आणि दुसऱ्या मताचा काही उपयोग राहत नाही.

वेग कमी करा. सात-आठ मीटर उरले की बाणाकडे बघणं थांबवा. या अंतरात तो कुठेही फिरतो. यंत्र मिनिटभर स्थिर धरा, आकडा बसू द्या, आणि जिथे सर्वांत कमी दाखवतं तिथे पिशवी किंवा काठी ठेवा. दोघांच्या खुणांमध्ये सहा-सात मीटर अंतर पडलं तर माझं यंत्र बरोबर की तुझं, हा वाद घालू नका. दोन्ही खुणांच्या मध्यापासून बाहेर गोल वाढवत शोधा. खुणा पंधरा-वीस मीटर लांब असतील तर दोघांनी तीसेक मीटर मागे जाऊन पुन्हा या.

शोधायला लागल्यावर यंत्रं खाली, नजर वर. मल्टी-बँड यंत्र ज्याच्याकडे आहे त्याचं मत झाडीत थोडं जास्त धरा, माळावर दोघांचं सारखं.

कॅश सापडली की दोघंही आपापल्या यंत्रावर «सापडली» नोंदवतात, आणि दोन्ही यंत्रांत भेटींची वेगळी फाइल तयार होते. खाती दोन असतील तर ज्याने त्याने आपली फाइल चढवायची. खातं एकच असेल तर एकाच यंत्रातली चढवा, नाहीतर प्रत्येक कॅशचा मसुदा दोनदा येतो. कोणाची चढवायची हे निघण्याआधीच ठरवा.